शांतवनरावांची माफी

पास्टरांनी सांगितलं होतं एवढंच, की फादर्स डेच्या आठवड्यात प्रत्येक बापाने देवाची दया कुणापर्यंत तरी पोचवावी आणि रविवारी चर्चमध्ये त्याच्या लेकराने उभं राहून तशी साक्ष द्यावी. पूर्णेतल्या बाकीच्या बापांनी सरळ दवाखान्यात जाऊन केळी वाटली. पण शांतवनराव साळवे पडले शाळेतले क्लार्क. केळ्यांवर त्यांचं समाधान होईना. लेकीने, सृष्टीने, आपल्याबद्दल काहीतरी भारी सांगावं ही त्यांची फार इच्छा. म्हणून त्यांनी माफी द्यायची ठरवली. माफ करण्यासारखी माणसं त्यांच्याकडे भरपूर होती. कुणी कधी काय केलं, हे हा माणूस जन्मात विसरत नसे.

शनिवारी सकाळी सृष्टीचं बोट धरून स्वारी निघाली ती कोपऱ्यावरच्या चंद्रप्पांच्या किराणा दुकानात. तिथे ही गर्दी. शांतवनरावांनी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "चंद्रप्पा, मी तुमाला मनापासून माफ केलं."

"म्या काय केलं?" चंद्रप्पा बघतच राहिले.

"दिवाळीच्या रव्यात अळ्या निघाल्या होत्या. जाऊ द्या. आता माज्या मनात काई न्हाई."

त्यांच्या मनात काही नव्हतं हो, पण गिऱ्हाइकांच्या मनात आलं ना! दोघीतिघींनी रव्याचे पुडे गुपचूप परत ठेवले.

तिथून शेजारच्या मालनबाई. सृष्टीच्या वाढदिवसाचं वरण पाणचट होतं, असं त्या गल्लीभर बोलल्या होत्या. तेही माफ. मालनबाईंनी शांतपणे विचारलं, हे तुमच्या कानावर घातलं कुणी? आता ख्रिस्ती माणूस, त्यात दयेच्या कामावर निघालेला, खोटं कसं बोलणार? "तुमच्या सूनबाईनं," ते म्हणाले. झालं! घरात भांडी वाजली आणि थोड्याच वेळात सून पिशवी भरून ताडकळसला, माहेरी निघाली. बसस्टँडवर जायला तिने आश्रुबाची रिक्षा थांबवली. आश्रुबाने मागे कधीतरी शांतवनरावांच्या स्कूटरला ओरखडा पाडला होता. आयताच सापडला म्हणून त्यांनी त्यालाही तिथल्या तिथे माफ करून टाकलं. आश्रुबा भडकला. उगाच आळ घेणाऱ्यांच्या गल्लीतलं भाडंच नको म्हणत त्याने रिक्षा बंद केली. सून काय करते? बसली पिशवीवर, नेमकी शांतवनरावांच्या दारात. तिला न्यायला मालनबाई आल्या. तेवढ्यात खांद्यावर रव्याचा कट्टा घेऊन चंद्रप्पा हजर.

"काढा अळी. एक दावा, दुकान बंद करतो."

गलका ऐकून शांतवनरावांच्या बायको, बबिताबाई, बाहेर आल्या. काय झालं ते त्यांनी सृष्टीकडूनच काढून घेतलं. नवऱ्याकडे एकदा बघितलं. मग कट्टा उसवला, मोठ्या पातेल्यात उपमा टाकला आणि पहिली ताटली सगळ्यांदेखत नवऱ्याच्या हातात दिली. शांतवनरावांनी मुकाट्याने खाल्ला आणि मग एकेकाची माफी मागितली, सुनेचीही. तोंड एवढंसं झालं होतं बिचाऱ्यांचं.

"जाऊ द्या काका, केलं माफ," आश्रुबा भरल्या तोंडाने म्हणाला. चंद्रप्पांनीही मान हलवली. मालनबाईंनी उपम्यात मीठ जास्त झाल्याचं सांगितलं, त्यावर सून फिसकन हसली, आणि दोघी मिळून घरी गेल्या.

आता उरली उद्याची साक्ष. शांतवनरावांनी सृष्टीला कुल्फी देऊ केली, आपणही केळीच वाटली असं सांगता येईल का, ते आडून आडून विचारून पाहिलं. पोरीने कुल्फी खाल्ली आणि काडी चाटत खेळायला पळाली.

रविवारी चर्चमध्ये एकेका लेकराने केळीच केळी सांगितली. मग सृष्टी उभी राहिली. "माज्या पप्पांनी तिघांना माफ करायचं ठरवलं होतं. त्यांना ते काई जमलं न्हाई. मग त्या तिघांनीच पप्पांना माफ केलं. देवाची दया लय होती, सगळ्या गल्लीला पुरली. मी पण पप्पांना माफ केलं."

चर्च हसलं. पास्टर तर डोळे पुसत हसले आणि मोठ्याने आमेन म्हणाले. शांतवनरावांना मात्र भरून आलं. सृष्टी शेजारी येऊन बसली, तशी त्यांना राहवेना. वाकून त्यांनी हळूच विचारलं, "पण बाळा, तुजं मी काय वाईट केलं?"

"ते सांगायचं नसतं, पप्पा," सृष्टी म्हणाली.