दीक्षितकाकांचा मासा

आमचे शेजारी दीक्षितकाका नदीचा ताप बघतात. साउथहॅम्प्टनपासून अर्ध्या तासावर ट्राउट माशांची नदी आहे. तिथे पोचलं की रॉड बाजूला ठेवून ते आधी पाण्यात थर्मामीटर सोडतात आणि घड्याळाकडे बघत उभे राहतात. जन्मभर हॉस्पिटलात लोकांना भूल दिली, त्याची ही सवय. पारा ठीक असला की म्हणतात, "पेशंट स्टेबल आहे." ऑगस्टात पाणी तापलेलं असलं तर, "आज ऑपरेशन कॅन्सल. गरम पाण्यात मासा दमतो रे, सोडला तरी वाचत नाही." मग आम्ही सँडविच खाऊन परत येतो.

काका पक्के शाकाहारी. पकडलेला मासा सोडून द्यायचा हे ठरलेलंच, पण सोडायला आधी पकडावा लागतो आणि तिथेच त्यांचं अडतं. पिसं आणि रेशीम गुंडाळून गळाला लावायच्या खोट्या माश्या मात्र ते अशा बनवतात, की एक मी हाताने झटकायला गेलो होतो. खऱ्या माश्या या दिवसांत ऊन कलल्यावरच पाण्यातून वर येतात आणि त्यांच्यामागे मासे. म्हणून सगळे सहाला येतात. काका बाराला येतात आणि साडेसहाला घड्याळाचा गजर झाला की गाशा गुंडाळतात. मला घरी सोडून ते काकू राहतात त्या नर्सिंग होममध्ये त्यांना भेटायला जातात. काकूंना आता फारसं कुणी ओळखू येत नाही. काका तो विषय काढत नाहीत, मीही विचारत नाही.

त्यांच्या पिशवीत एक स्टीलचा डबा असतो. दोन उन्हाळे मी प्रत्येक शनिवारी सोबत गेलो, पण त्यातलं कधी 'घे' म्हणाले नाहीत. मी मनातल्या मनात त्यांना चिक्कू ठरवून टाकलं होतं.

गेल्या शनिवारी ढग होते. माश्या लवकर उठल्या. तीन वर्षं काकांना चकवणारा दांडगा मासा झाडाखाली डोकं वर काढून माश्या गट्ट करू लागला. काकांनी रॉड उचलला आणि गजर वाजला.

"काका, जस्ट फाइव्ह मिनिट्स," मी म्हटलं.

ते दोरी गुंडाळायलाही लागले होते. "साडेसातला तिचं जेवण असतं. दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाही ती. आज रस्त्यात गर्दी असेल, तूही चल, तुला सोडत बसलो तर उशीर होईल."

नर्सिंग होममध्ये तो डबा उघडला. मऊ भात, तूप, मेतकूट. मला माझीच लाज वाटली.

काकूंनी काकांकडे परक्यासारखं पाहिलं. "हे नाही आले?"

"नदीवर आहेत," काका भात कालवत म्हणाले.

"मिळाला का मासा?"

"आज मिळेल असं दिसतंय. अगदी समोर आलाय."

"मग बसू दे त्यांना निवांत," काकू म्हणाल्या. "उगाच बोलावू नका." आणि काकांच्या हातातल्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं.