म्हात्रे सरांची चूक

म्हात्रे सर कुठल्याही वस्तूला कान लावल्याशिवाय तिच्याबद्दल मत देत नसत. चौलला ते आमचे शेजारी. सुपारीचं खोड असो की एसटीचा दांडा, आधी बोटाने टकटक करायचं, मग कान टेकवायचा आणि म्हणायचं, "ऐकून घ्या, यातून आवाज हवेच्या आधी पोचतो." एका लग्नात ते मांडवाच्या लोखंडी खांबाला कान लावून उभे राहिले. यजमानांना वाटलं, सर रुसले. समजूत काढायला तिघे जण आले.

हायस्कूलात ते विज्ञान शिकवायचे. ध्वनीचा धडा आला की फळ्यावर ठरलेलं वाक्य: 'घनता जितकी जास्त, तितका आवाज वेगवान.'

निवृत्त झाल्यावर त्यांनी सहज म्हणून कॉलेजचं पुस्तक वाचायला घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ओटीवर येऊन बसले.

"मी आयुष्यभर चुकीचं शिकवलं हो," ते म्हणाले. "घनतेने आवाज उलट मंदावतो. कण एकमेकांना किती ताठ धरून आहेत, त्यावर वेग वाढतो. शिसं लोखंडाहून जड, पण त्यातून आवाज लोखंडाच्या निम्म्या वेगानेही जात नाही."

मग सर जुन्या विद्यार्थ्यांना गाठून चूक दुरुस्त करू लागले. अलिबागच्या बँकेत एका कॅशियरला त्यांनी काचेतून घनता समजावली. मागे रांग खोळंबली. मला हसू यायचं.

एका सकाळी म्हणाले, "रेवदंड्याला येता? एकट्याने जाववत नाही."

रिक्षात त्यांनी नलिनीचं सांगितलं. कोळीवाड्यातली, नववीतली मुलगी. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या तिने वर्गात आणल्या होत्या. विचारलं होतं, "सर, हे एवढं जड, मग लोखंडासारखं खणकन का वाजत न्हाय? फळ्यावरचं चुकतंय."

"मी तिला बाहेर काढलं," सर म्हणाले. "म्हटलं, मासळीबाजारात जाऊन शिकव. ती परत शाळेत आली नाही."

बाजारात ती कोळंबी सोलत बसली होती. केस पिकलेले. सरांना पाहून उठायला लागली. सरांनी तिला बसवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मधेच एक गिऱ्हाईक भाव विचारायला लागलं.

"थांबा जरा," नलिनी म्हणाली. "सर शिकवतात."

सरांचं बोलून झालं. तिने विचारलं, "म्हंजे माझं बरोबर होतं?"

"हो. तुझंच बरोबर होतं."

ती हातातल्या कोळंबीकडे बघत राहिली.

"बाबांनी मारलं होतं मला. सरांना उलट बोललीस म्हणून. दुसऱ्या दिवसापास्नं आयेबरोबर इथं बसवलं." पुढची कोळंबी सोलायला घेत म्हणाली, "बाबा आता न्हाय. त्यांना कळायला पायजे होतं."

सर शेजारच्या रिकाम्या क्रेटवर बसले. बाजार उठेपर्यंत तिथून हलले नाहीत.