‘येतो’चं बटण

रक्षाच्या लग्नाच्या पत्रिका छापायच्या नाहीत, असं अंकुरने पुण्याहून तुमसरला आल्या आल्या जाहीर केलं. मोबाईलवरची पानं आखणं हे त्याचं काम होतं. कुठलं बटण कुठे ठेवलं म्हणजे माणूस विचार न करता दाबेल, हे त्याला नेमकं कळायचं. धाकट्या बहिणीचं निमंत्रण त्याने तसंच केलं. वर नवरा-नवरीचा फोटो, मग तारीख, सभागृहाचा पत्ता आणि खाली दोन मोठी बटणं, हिरवं ‘येतो’ आणि लाल ‘नाही’. बाकी सगळं त्याने काढून टाकलं, मागे जायचा बाणसुद्धा.

त्याचे वडील टेकचंद यांचं बाजारात हातमागाच्या साड्यांचं दुकान होतं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून ते पान पाहिलं.

"नाव नाही लिहा लागत का यात?"

"नाव लिहायला लावलं की लोक कंटाळतात, बाबा. बटण दाबलं की मोजणी आपोआप होते."

आई कुसुमताईंना दुसरीच काळजी होती. "अन् नाकाडोंगरीले रत्नाकडे अक्षता घेऊन कोण जाईन?"

रत्नाबाई त्यांची बहीण. कुसुमताई आजारी होत्या तेव्हा दोन वर्षं तिनेच या दोन्ही पोरांना सांभाळलं होतं.

"मावशीला लिंक पाठवली आहे," अंकुर म्हणाला. "लग्नाच्या घाईत तू कशाला धावपळ करतेस?"

पहिल्या दिवशी दोनशे ‘येतो’ आले. आठवड्यात आकडा अकराशेवर गेला. ‘नाही’ फक्त एक होतं, आणि ते टेकचंदांच्या अंगठ्याने चुकून दाबलं गेलं होतं. आचारी डोमाने आकडा ऐकून हातातला झारा खाली ठेवला.

"अकराशे? त्या हॉलमधी तीनशे बसन, भाऊ."

मग सभागृह रद्द झालं आणि एका राईस मिलचं धान वाळवायचं पटांगण ठरलं. अंकुरने पत्ता बदलून पान सगळ्यांना पुन्हा पाठवलं. तीन दिवसांत आकडा दोन हजारांवर गेला.

"इतके लोक मले ओळखतात, हे मले मालूमच नव्हतं," टेकचंद म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताला दोनशे साठ माणसं होती. त्या अफाट पटांगणात ती एका कोपऱ्यात गोळा होऊन बसली. अंकुर फाटकापाशी मोबाईल घेऊन उभा राहिला.

"येऊन राहिले असतील," टेकचंद दोनदा सांगून गेले. तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत. मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या, रक्षा सासरी निघाली, तरी अंकुर फाटकातच होता. संध्याकाळी भात आणि बुंदी दोन ट्रॉल्या भरून जवळच्या आश्रमशाळांत गेली. रत्नाबाई आल्या नव्हत्या. कुसुमताईंनी बहिणीसाठी बुंदीचा एक डबा भरून अंकुरच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी तो बुंदीचा डबा घेऊन नाकाडोंगरीला गेला. मावशी ओसरीवर मोहफुलं निवडत होती. तिने त्याला पाणी दिलं.

"मावशी, तू काहून नाही आली?" आपली पुण्याची भाषा सुटली, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"बोलवाले कोनी आलं नाही, बापू. मी वाट पाहून राहिली होती. नवं लुगडं काढून ठेवलं होतं."

"पण मोबाईलवर पाठवलं होतं ना. पाहिलं नाहीस?"

"पाहिलं तर. रोज पाहत होती. फोटोत रक्षा किती गोड दिसते. पाहून झालं का ‘येतो’ दाबत होती."

"रोज?"

"मंग? कोनाच्या घरून उठताना ‘येतो’ म्हणल्याबिगर उठते का मानूस? ‘जातो’ कोनी म्हणत नाही. मी बाईमानूस, पन तिथं ‘येते’ नव्हतं, म्हणून तेच दाबलं. गावातल्या साऱ्यांनी तसंच केलं. अन् लग्नाच्या घरचं ते ‘नाही’ कोन दाबन?"

अंकुर खाली बसला. माणसांनी दोन हजार वेळा त्याचा रीतसर निरोप घेतला होता. ते बटण त्याने स्वतः तीन रंगांत करून पाहिलं होतं. शब्द मात्र एकदाही मोठ्याने म्हणून पाहिला नव्हता.

"चुकलं माझं, मावशी," तो म्हणाला आणि फोटो दाखवायला मोबाईल काढू लागला.

"ते ठेव. तू तोंडानं सांग. निघताना रडली का रक्षा? कोन्त्या रंगाचं लुगडं होतं तिले?"

अंकुरला काही आठवेना. बहिणीची गाडी त्याच्या समोरूनच फाटकाबाहेर गेली होती. त्याने तेव्हा मान वर केली होती की नाही, हेही त्याला सांगता आलं नसतं.

"लाल," तो अखेर म्हणाला. "खूप रडली."

मावशीने ताटलीत थोडी बुंदी काढून त्याच्यापुढे सरकवली.

"काल तिचा फोन आला होता," ती हळूच म्हणाली. "हिरवं होतं म्हणे. अन् दादा कुठं दिसला नाही, म्हणून ती रडली."