बारा जणींची गोधडी

आमच्या शेजारच्या सुमनकाकू रोज सकाळी नऊ वाजता कैकेयीला गच्चीवर उन्हात घालायच्या. दुपारी पालथी करायच्या आणि चार वाजता घरात आणायच्या. "फार भडक आहे ती," त्या मला समजावायच्या, "जराशी उतरली की बाकीच्यांत बसेल."

कैकेयी म्हणजे हातभर लांब, हातभर रुंद असा पोपटी चौकोन. काकू गोधडी शिवतात. तिच्यात बारा चौकोन, आणि प्रत्येक चौकोन म्हणजे रामायण-महाभारतातली एकेक बाई. तुम्हाला वाटेल, मुकुट असतील, हरीण असेल, निदान एखादं धनुष्य तरी. तसलं काही नाही. नुसतं कापड आणि त्यावर धावदोऱ्याचे टाके. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अर्धा तास कुंतीला गांधारी समजून तिचं कौतुक करत होते आणि काकूंनी मला थांबवलंही नाही.

त्यांची पद्धत न्यारी. गोधडीला नवं कापड लावायचं नाही, हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण काकूंना कुठलंही जुनं चालत नाही. जिचा चौकोन, तिच्यासारखी एखादी चालतीबोलती बाई जबलपुरात शोधायची आणि तिची नेसून मऊ झालेली साडी मागायची. मंदोदरी समोरच्या मिश्रा भाभींच्या साडीची आहे, कारण नवऱ्याने तंबाखू सोडावी म्हणून त्या लग्न झाल्यापासून समजावताहेत आणि तो गृहस्थ ऐकत नाही. शबरी बडा फुहाऱ्याच्या बाजारात बोरं विकणाऱ्या बाईची. ती एक बोर स्वतः चाखल्याशिवाय तराजूला हात लावत नाही. गांधारी कोपऱ्यावरच्या घरातली. "पोरगा रोज कुणाची ना कुणाची काच फोडून राहिला," काकू म्हणतात, "अन् हिला दिसतच नाही!"

कुणाची साडी कुणाला लागली, हे काकू देणारीला सांगत नाहीत. त्यामुळे गल्लीत नुसता गोंधळ. काकू फाटकातून आत शिरल्या की बायकांना आधी आपले सगळे अवगुण आठवतात. कोपऱ्यावरच्या बाई मात्र आपण सावित्री आहोत असं सगळ्यांना सांगत फिरतात.

द्रौपदीच्या वेळी तर कहर झाला. तिच्या साडीला कात्री लावायची नाही, असा काकूंचा हट्ट. "तिची ओढली, तेवढं पुरे झालं. कापायची तर बातच सोड." मग अख्खी नऊवारी घड्या घालून एका चौकोनात बसवली. चार सुया मोडल्या. तो चौकोन उशीसारखा फुगला आहे आणि गोधडी अंथरली की त्याच्या शेजारी बिचारी अहल्या खड्ड्यात जाते. पुढचे तीन महिने पायांकडे कोण, या प्रश्नात गेले. पाय कुणालाच लागता कामा नयेत. शेवटी खाली दीड हाताची कोरी पट्टी जोडली, म्हणून गोधडी आता माणसापेक्षा बरीच लांब आहे.

एक दिवस काकू माझ्याकडे आल्या. "मंजू, तुझी ती जांभळी साडी दे." मी दिली, पण दोन रात्री नीट झोपले नाही. शेवटी न राहवून विचारलंच, "काकू, मंथरा का?"

"छे गं! त्रिजटा."

"म्हणजे राक्षसीण?"

"राक्षसीणच. पण अशोकवनात सीतेजवळ तीच बसली होती ना?"

रागवावं की खूश व्हावं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

अशा अकरा जणी झाल्या. बारावी सीता. तिच्या जागी दोन वर्षांपासून नुसतं अस्तर दिसतं, कारण सीतेची साडी सिहोऱ्याला आहे. तिथे वर्षा राहते. वर्षा म्हणजे काकूंची सून. होती, असं म्हणायला हवं. सहा वर्षांपूर्वी काकूंच्या मुलाने, अभयने, तिला माहेरी पाठवलं आणि परत आणलंच नाही. तो आता बंगळुरूला असतो. ती सिहोऱ्याच्या शाळेत शिकवते. काकूंनी तिला त्यानंतर पाहिलेलं नव्हतं. तिच्याकडून एक साडी मागून आणायची, एवढंच काम उरलं होतं, आणि काकू दर सोमवारी म्हणत, "चलो, पुढच्या रविवारी जाऊन येते."

या जानेवारीत एका रविवारी त्या खरंच पिशवीत गोधडी कोंबून माझ्या दारात उभ्या राहिल्या. "तू पण चल. वर्षा तुझ्याकडेच येऊन रडत होती ना? मला माहीत आहे सगळं."

बसमध्ये पनागर गाव मागे पडल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "कौसल्येला माझीच साडी लावली, माहीत आहे?"

"छान की. रामाची आई."

"काय छान? सगळ्यांशी गोड बाई. बोलली मात्र काहीच नाही." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "वर्षा बॅग भरून समोरच्या खोलीत आली ना, तेव्हा माझ्याकडे पाहून उभी राहिली. अभय पण होता. मी मटार सोलत होते."

"मग?"

"मग काय. सोलत राहिले."

मी त्यांना खायला संत्रं दिलं.

वर्षाने दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, चहा ठेवला. काकूंना ती काही म्हणून हाक मारत नव्हती. वाक्यं अशी जुळवत होती की हाक मारायची वेळच येऊ नये. काकूंनी पलंगावर गोधडी पसरली आणि एकेकीची ओळख करून दिली. द्रौपदीवर हात ठेवताच वर्षाला हसू आलं, आणि काकूंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं काम.

"अन् हे रिकामं काय आहे?" वर्षाने विचारलं.

"इथे सीता. तुझी कोणतीही साडी दे, बेटा. लग्नातली नको."

वर्षाचं हसू गेलं. "नाही देणार."

"काहून?"

"मला नाही जायचं धरणीच्या पोटात. मला उद्या शाळेत जायचं आहे. दहावीचे प्रॅक्टिकल चालू आहेत."

काकू पार गोंधळल्या. हे उत्तर त्यांच्या कुठल्याच पोथीत नव्हतं. "मग दुसरी कोण होतेस? दमयंती होते का? हिडिंबा? ती पण चांगली बाई होती, एकटीनं पोरगा वाढवला—"

"मी कुणीच नाही होत."

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग अस्तराच्या त्या जागेकडे बघतच म्हणाल्या, "मी बोलायला पाहिजे होतं, वर्षा. त्या दिवशी. माझं चुकलं."

वर्षा असू द्या म्हणाली नाही, झालं गेलं म्हणाली नाही. चहाचे कप उचलून आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. काकू गोधडीची घडी घालून पिशवीत भरत होत्या. वर्षाने ती त्यांच्या हातातून घेतली.

"ही राहू द्या इथे. या खोलीत थंडी फार असते."

"अगं, पण अर्धवट आहे ती."

"असू द्या."

परतीच्या बसमध्ये काकूंच्या मांडीवर रिकामी पिशवी होती. तिची त्या घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

"मंजू, तिनं माफ केलं का गं मला?"

"माहीत नाही, काकू."

"नाही केलं, तर गोधडी काहून ठेवून घेतली?"

"थंडी असते म्हणाली."

"हो. थंडीच असेल."

मला वाईट वाटलं. केलं माफ, असं खोटं तरी म्हणायला हवं होतं. पण काकू आता माझ्याकडे बघत नव्हत्या. ओठांतल्या ओठांत कसलासा हिशेब चालला होता.

"होळीनंतर धुवावी लागेल ना ती," त्या म्हणाल्या. "ओली झाली की केवढी जड होते. एकटीला पिळताच येत नाही गोधडी, दोन टोकांना दोघी लागतात. तिला माहीत असेल ना गं हे?"