अकराचा तास

कॉलेजच्या पहिल्याच दिवशी नागरत्नाने घरात जाहीर करून टाकलं, "मी कुणालाही काही विचारणार नाही! माझं मी शोधीन!"

याला कारण तिचे वडील. तिरुमलराव हायस्कुलात गणित शिकवायचे, पण रस्त्यावर आले की भेटेल त्याला पत्ता विचारायचे. वीस वर्षं ज्या शिंप्याकडे कपडे शिवले त्याचं दुकान गाठायलासुद्धा देवराज मोहल्ल्यात तिघांकडून खात्री करून घेत. त्यांचं बोट धरून उभ्या असलेल्या नागरत्नाला तेव्हा धरणीत गडप व्हावंसं वाटे. बी.ए.ला गेल्यावर तरी हे बंद, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

ही १९७४ सालची गोष्ट. तिचे विषय तीन. इतिहास आणि अर्थशास्त्राचे तास मोठ्या हॉलमध्ये भरत. तिथे दीडशे पोरांत कोण कुणाला बघतो? घोळ झाला तो अकराच्या भूगोलाचा. वेळापत्रकात इंग्रजीत नुसतं 'जिऑ' लिहिलेलं. नागरत्ना मागच्या इमारतीपाशी आली तर एक पेंटर शिडीवरून उतरत होता. पाटीवर त्याने 'जिऑ' एवढंच रंगवलं होतं आणि रंग संपला म्हणून तो घरी चालला होता. सापडला वर्ग! तीसुद्धा कुणाला न विचारता!

आत एकोणीस मुलगे. मुलगी एकही नाही. टेबलावर रांगेने दगड मांडलेले. नागरत्नाने हिशेब केला: भूगोल म्हणजे पृथ्वी, पृथ्वी म्हणजे दगड. बरोबर आहे!

नरसिंहमूर्ती सरांनी हजेरी घेतली. तिचं नाव आलंच नाही.

"नाव काय अम्मा तुमचं?"

"नागरत्ना, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "या ऑफिसातल्या लोकांना काय म्हणावं! बारा वर्षांनी आमच्याकडे एक मुलगी येते आणि नेमकं तिचंच नाव गाळतात!" त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि विसाव्या नंबरावर स्वतःच्या हाताने तिचं नाव लिहिलं.

आणि खरं सांगायचं तर नागरत्नाला विषय भलताच आवडला. पृथ्वीच्या पोटात काय आहे, लाव्हा कसा थिजतो, दगडाचं वय कसं ओळखतात! शाळेतल्या भूगोलात हे कुणी बोललंच नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात सर सगळ्यांना बेट्टदपुरच्या डोंगरावर घेऊन गेले. मुलगे सावली शोधत बसले. नागरत्ना हातोडी घेऊन सुटली ती पिशवीभर दगड गोळा करूनच थांबली. सरांनी तिथल्या तिथे तिला वर्गाची मॉनिटर करून टाकलं.

"अगं, हे भूगोल का गवंडीकाम?" तिची आई सीतालक्ष्मी म्हणाली आणि त्यातले दोन सपाट दगड तिने लोणच्याच्या बरणीवर दाबायला ठेवून दिले.

तिकडे नरसिंहमूर्ती सर प्रिन्सिपॉलांकडे जाऊन भांडले. "मुलगी आली आहे! लेडीज रूम नको?" तुटक्या बाकांची खोली रिकामी झाली, चुना लागला, आरसा आला. नागरत्ना रोज एकटीच त्या आरशात वेणी नीट करायची. एखाद्या संस्थानाच्या राणीसारखी!

दोन महिन्यांनी पेंटरला रंग मिळाला.

अकराला पाच कमी असताना नागरत्ना दाराशी पोचली तेव्हा तो शेवटचं अक्षर घोटत होता. तिने वर बघितलं. 'जिऑलॉजी'.

"भूगोल... भूगोल कुठे आहे?" जन्मात पहिल्यांदा तिने कुणाला काही विचारलं.

"समोरच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. ती पाटी मी जूनमध्येच पुरी केली, अम्मा."

त्याच दिवशी घरी पोस्टकार्ड आलं. आपली मुलगी भूगोलाच्या तासाला एकही दिवस हजर नाही; परीक्षेला बसता येणार नाही. तिरुमलराव छत्री घेऊन कॉलेजात धावले. गेटवर विचारलं, कँटीनमध्ये विचारलं, माळ्याला विचारलं, "भूगोलाची नागरत्ना कुठे भेटेल?"

"भूगोलाची माहीत नाही," माळी म्हणाला. "हातोडीवाली नागरत्ना भूगर्भात असते."

तिरुमलराव हबकून तिथेच बसले! माळ्याने पाणी पाजून इमारत दाखवली तेव्हा कुठे ते सरांच्या खोलीत आले. नागरत्ना आधीच तिथे रडत उभी होती.

"अण्णा, माझी चूक झाली," ती म्हणाली. "पण मला इथेच शिकायचंय."

तिरुमलरावांनी सरांकडे पाहिलं. "बदलून मिळेल का?"

"पी.यू.सी.ला, बी.ए.च्या आधी, विषय कुठले होते?"

"आर्ट्सचे," नागरत्ना म्हणाली.

सरांनी हजेरीपटातल्या विसाव्या नंबरावर बोट ठेवलं. बारा वर्षांनी आलेली मुलगी, आणि तीही चुकून! "मग नाही मिळणार. इथे सायन्स लागतं," ते शेवटी म्हणाले. त्यांनी कोरा कागद ओढून भूगोलाच्या कृष्णमूर्ती सरांना चिठ्ठी लिहिली. 'या मुलीने दोन महिने पृथ्वीचाच अभ्यास केला आहे. तुम्ही वरून बघता, आम्ही आतून, एवढाच फरक. हजेरी धरावी.'

कृष्णमूर्ती सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली, पोट धरून हसले आणि हजेरी धरली. एक वर्ष वाचलं!

दुसऱ्या दिवशी अकराला नागरत्ना खऱ्या भूगोलाला गेली. वर्गात नऊ मुली होत्या, त्यांनी सरकून जागा दिली. भूगर्भातल्या मॉनिटरीणबाईंची कीर्ती तिथेही पोचली होती. कृष्णमूर्ती सरांनी कौतुकाने तिलाच उठवलं.

"सोपा प्रश्न. इथून उत्तर दिशा कुठली?"

नागरत्नाने क्षणाचाही विचार न करता खिडकीतून दिसणाऱ्या चामुंडीच्या डोंगराकडे ऐटीत हात केला.

"बसा अम्मा," सर म्हणाले. "ती आग्नेय."