मेल्याच्या मुखातील रुप्याची हकीकत

श्रीगणेशास वंदन, आणि ज्या हातांनी घण खाली ठेविला त्या हातांस त्याहून अधिक. राजशक तिसरे, वैशाख वद्य षष्ठीस हे लिहिले; गोष्ट मात्र फार पुरातन काळची. वायव्येकडील यवनांच्या, म्हणजे जुन्या ग्रीक लोकांच्या, राज्यात नवा राजा तख्ती बसला होता, आणि मागल्या राजास मारून बसला होता, म्हणोन त्यास मेलेल्याचा चेहरा सोसेना, आणि तो चेहरा तर नगरातल्या प्रत्येक नाण्यावर. मग हुकूम जाहला की, जुनी नाणी टांकसाळेत आणावी आणि त्यांजवरच आमचा ठसा मारावा. रयतेने निमूट आणिली. तरी महाराजांचे समाधान होईना, आणि कोणी चहाडखोर सांगता जाहला की, यवन लोक मेल्याच्या तोंडात एक नाणे ठेवितात, पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याचे भाडे म्हणोन, तेथे जुना राजा अद्याप आहे. मग महाराजांनी थडगी उकरावयास माणसे धाडिली. हे लिहिता आमच्या अंगाचा तिळपापड होतो.

दिओन नामे यवन शिलेदार सहा महिन्यांमागे वारला होता, त्याचा जबडा उघडून नाणे काढिले, आणि त्याची बायको नागसिरी, या देशीची, शिपायांचे मागे धावत टांकसाळेत आली. महाराज तेथे जातीने उभे होते. ती बोलली, "महाराज, माझे घर घ्या, पण एवढे परत द्या. माझा धनी तीरावर अडकून पडेल." महाराज हसले आणि फगुल घणकऱ्यास म्हणाले, "मार घाव." फगुलाने घण खाली ठेविला आणि बोलिला, "माझ्याने होणार नाही. मेल्याचे भाडे आहे ते." मग महाराजांनी स्वतः घण घेतला, आणि नाणे तापविल्यावाचून घाव घातला, तो ठसा सरकला आणि जुन्याचे नाक तसेच राहिले. मग रागे ठसा फेकून नुसत्या घणाने बडवीत सुटले, आणि अखेर ऐरणीवर चपटे रुपे उरले, त्याजवर जुना राजा नाही आणि नवाही नाही. महाराजांनी ते भिरकाविले.

नागसिरीने ते पदरात घेतले आणि म्हणाली, "नावाड्याला रुपे पाहिजे. तोंड कोणाचे, हे तो विचारीत नाही." आणि जाऊन पुन्हा धन्याचे मुखी ठेविले.

फगुलाचा उजवा हात त्याच दिवशी तोडिला. एवंच, थडगी उकरली आणि कारागिराचा हात तोडिला, याहून मोठा पराक्रम या राजाचे नावे आम्हांस सापडला नाही. सापडता तरी लिहिला नसता.