तात्या कुणाला जिंकू देत नाहीत

सात वर्षांच्या पोरीला लुडोत हरवून, ती भोकाड पसरून रडत असताना शांतपणे चहा पिणारा माणूस आमच्या कॉलनीत एकच आहे. निवृत्त सुभेदार हिंदुरावतात्या. ती पोरगी म्हणजे माझी नात. माझ्या सुनेने तात्यांकडे नुसतं रोखून बघितलं, तर म्हणाले, "फुकटचं जिकायची सवय लागली की पोरगं वाया जातंय." वर नातीला बजावलं, उद्या परत ये. आणि ती गेली, हे त्याहून विशेष.

तात्या सैन्यात बेसबॉल खेळायचे. त्या खेळात फलंदाजाकडे जो चेंडू फेकतो त्याला पिचर म्हणतात. तात्या त्यांच्या पलटणीचे पिचर. साताऱ्यात माजी सैनिक पैशाला पासरी, पण बेसबॉलवाला हा एकटाच. त्यामुळे त्यांच्या गोष्टी खोट्या पाडायला कुणीच नाही.

खेळाचं तत्त्वज्ञान मात्र ते सगळ्या जगाला लावतात. "बॉल हातात हाय तवर आपला. सुटला की त्यो देवाचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य पाण्याच्या टँकरपासून पोरीच्या लग्नापर्यंत कुठेही चालतं. जिंकणं म्हणजे त्यांच्या मते कालची भाकरी: आपण खावी, पण ताजी म्हणून पाहुण्याला वाढू नये. हरलेले सामने त्यांना चेंडूगणिक पाठ आहेत. जिंकलेले विचारले तर डोकं खाजवतात.

गणपतीत ज्येष्ठांची संगीत खुर्ची होती. शेवटी उरली एक खुर्ची, तात्या आणि नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आमचे चेअरमन. कुणीही भला माणूस काय करील? तात्या बसले. चेअरमन दसऱ्यापर्यंत त्यांच्याशी बोलत नव्हते.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. शालनकाकींच्या बाबतीत मात्र माझं डोकं फिरलं. काकी म्हणजे तात्यांची बायको. माहेर तासगावचं, आवाज खणखणीत. मागच्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, पण काकी हात उचलायलाच तयार होईनात. आता काय राहिलंय, म्हणायच्या. मग तात्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर गेरूने चौकोन काढला. काकींची खुर्ची भिंतीच्या अगदी जवळ मांडली, स्वतः पार मागे फाटकापाशी उभे राहिले. पाच-पाच चेंडू, काकींनी उजव्याच हाताने टाकायचे. चौकोनात ज्याचे जास्त बसतील, त्याच्या हातात संध्याकाळी टीव्हीचा रिमोट.

तात्यांचे पाचच्या पाच बसायचे. काकींचा चेंडू आधी मांडीवरच पडायचा, मग पायापाशी. महिनोन्‌महिने त्या घरात बातम्या आणि कुस्त्या चालल्या. काकींच्या मालिकेत काय झालं ते माझी बायको गुपचूप जाऊन सांगायची. काकी दातओठ खायच्या. दुपारी तात्यांचा डोळा लागला की लिंबं फेकून सराव करायच्या. त्यातली काही आमच्या अंगणात यायची. तरी कॉलनीतल्या समस्त बायकांनी तात्यांना कसाई ठरवलं आणि बायकोने समजूत घालायला मला धाडलं.

मी म्हणालो, "तात्या, एखादा चेंडू बाहेर घाला की. बरं वाटेल त्यांना."

तात्या चेंडू पुसत होते. "आवं मास्तर, समदी तिला आजारीच धरत्यात. भाकरी मोडून देत्यात, पदर सारखा करत्यात. तिच्याविरुद्ध खेळणारा मी एकटाच उरलोय. मी मुद्दाम हरलो तर तिला वाटंल, ह्यांनी बी आशा सोडली."

तसाच परत फिरलो आणि घरी येऊन बायकोची बोलणी खाल्ली.

परवा संध्याकाळी मी सहज त्यांच्याकडे गेलो तेव्हा डाव चालू होता. काकींचे तीन चेंडू चौकोनात बसले होते. इतके आजवर कधी बसले नव्हते. तात्यांचे पहिले दोन बसले. तिसरा रेघेबाहेर गेला, चौथाही गेला. पाचवा फेकण्याआधी त्यांनी क्षणभर खांदा दाबून धरला. तो चेंडू चौकोनाच्या हातभर वर आदळला.

मग काकींनी विचारलं, "मुद्दाम घातला बाहेर?" जीभ अजून जड आहे त्यांची, नजर मात्र नाही.

"न्हाई," तात्या म्हणाले. "तुजी शप्पत न्हाई. खांदा गेला माजा."

काकी त्यांच्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या कुणी अशी शपथ घेतली असती तर त्यांनी ती उडवून लावली असती. पण या माणसाने इतक्या महिन्यांत त्यांना एक चेंडू सोडला नव्हता.

"मग आणा रिमोट," त्या म्हणाल्या.

तात्या आत गेले ते गेलेच. रिमोट टीव्हीसमोरच पडलेला मला खिडकीतून दिसत होता. काय झालं बघावं म्हणून मी निघालो, तर काकींनी उजव्या हाताने माझी बाही धरली.

"ऱ्हाऊ द्या मास्तर, रडत असतील," त्या म्हणाल्या. "हरायची सवय न्हाई त्यांना."